तीन ठोके

सेनगावात तहसीलसमोर ऑनलाइन अर्ज भरून देणारा एक जण बसतो. नाव इंग्रजीत टाइप करण्याआधी तो ते मोठ्यानं म्हणायला लावतो आणि एकेका अक्षराला टेबलावर बोटानं ठोका देतो. "जितके ठोके तितके स्वर पायजेत, न्हाई तर नाव मुकं होतं," हे त्याचं ठरलेलं वाक्य.

परवा रांगेत माझ्यापुढं तांड्यावरची एक म्हातारी होती.

"किसनची माय लिहा."

"तुमचं सोताचं नाव सांगा."

ती पदराआड हसली. रांग कावली. "टाका की काहीबी!" मीही ओरडलो. तो बोट उचलून तसाच थांबला.

"शेवंता," ती पुटपुटली.

तीन ठोके पडले. नाव स्क्रीनवर बराबर उमटलं. तरी तो म्हणाला, "अजून एकदा म्हना, माय."

या खेपेला अख्ख्या रांगेला ऐकू गेलं.