मऊ हातांचं मलम

मधुवंती देशकर ही यवतमाळच्या एका कारकुनाची मुलगी. रसायनशास्त्र शिकून आठ वर्षं नागपूरला एका प्रसाधनांच्या कारखान्यात होती. क्रीम फाटतं का, शाम्पूनं डोळे चुरचुरतात का, हे तपासणं तिचं काम. वडील दीनानाथ आजारी पडले तेव्हा ती परत आली आणि घरामागच्या टिनाच्या खोलीत स्वतःचं एक मलम करायला बसली. कापूस वेचून हातांना भेगा पडलेल्या बायांसाठी.

सरकीचं तेल, मेण, ग्लिसरीन आणि कातडी मऊ करणारा शुद्ध युरिया. मे महिन्यात तिनं डबे टिनाखाली ठेवले, तरी मलम फाटलं नाही. घाटंजीजवळच्या एका गावात वीस बायांच्या दंडावर तिनं ठिपका लावून वर पट्टी चिकटवली आणि दोन दिवसांनी काढून पाहिली. कुणालाच खाज नाही, लाली नाही. मग डबीवर चिठ्ठी लावली : रात्री झोपताना लावा.

त्या वीसजणींत हंसाबाई होती. ती म्हणाली, "ताई, रातच्याले लावलं का अंथरुण माखते. सकाळी लावलं तं चालन का?"

"चालेल की," मधुवंती म्हणाली. नवी चिठ्ठी छापली : सकाळी कामाला निघताना लावा.

ते २०१७ साल. त्या पावसाळ्यात कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. फवारणाऱ्याच्या तोंडावरच किडीचं औषध परत यायचं. ऑगस्टपासून माणसं दवाखान्यात येऊ लागली. कुणाला उलट्या, कुणाला दिसेनासं झालेलं. हंसाबाईचा नवरा भीमराज मजुरीनं फवारायला जायचा. दवाखान्यात नेल्यावर चौथ्या दिवशी तो दगावला.

मधुवंती भेटायला गेली. हंसाबाई भिंतीला टेकून बसली होती. रडणं संपलेलं होतं.

"मरतानी हात मऊ होते त्याईचे," ती म्हणाली. "तुमचं मलम मीच लावून देत होती रोज सकाळी. मंग जात फवाराले."

मधुवंतीला पुढचं काही ऐकू आलं नाही.

युरियानं कातडी मऊ होते, आणि मऊ झालेल्या कातडीतून बाहेरचं आत लवकर जातं. हे तिला एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. तिनं मलम तपासलं होतं. मलम लावलेला हात दिवसभर कशाकशात बुडतो, ते तपासलं नव्हतं.

ओळखीच्या डॉक्टरांना तिनं विचारलं. ते म्हणाले, "मलम न लावलेलेही दगावलेच ना? हे कुणालाच सांगता येणार नाही."

तिला तेवढ्यानं झोप येईना. खाटकाकडून तिनं बकरीचं कातडं आणलं. काठोकाठ पाणी भरलेल्या दोन काचेच्या बरण्यांच्या तोंडावर ताणून बांधलं, एकावर मलम चोळलं आणि दोन्हींवर लाल रंग ओतला. दुपारपर्यंत मलमाच्या बरणीतलं पाणी गुलाबी झालं. दुसऱ्या बरणीतलं संध्याकाळीही स्वच्छ होतं. तिनं पाच वेळा करून पाहिलं. बकरीचं कातडं म्हणजे माणसाचं नव्हे, रंग म्हणजे विष नव्हे, असं ती स्वतःला बजावत राहिली. पाणी दर वेळी गुलाबी झालं.

दीनानाथ म्हणाले, "डब्या परत आण. पण त्या बाईला सांगू नकोस."

"तिचा हक्क आहे, बाबा."

त्या आठवड्यात तिनं घरोघर जाऊन डब्या गोळा केल्या. प्रत्येकीला सांगितलं, फवारणीच्या दिवसांत अंगाला तेल, मलम काही लावू नका. शेवटी हंसाबाईकडे गेली आणि बरण्यांचं सगळं सांगितलं. "खात्रीनं नाही सांगता येत. पण माझ्या मलमानं विष जास्त आत गेलं असेल. चूक माझी आहे."

हंसाबाईनं आपल्या हातांकडे पाहिलं.

"मले काहून सांगतलं, ताई?" ती हळूच म्हणाली. "बनवलं तुमीनं. पण लावलं तं म्याच ना."

आपलं ओझं हलकं करायला आपण आलो होतो, आणि ते हिच्या हातावर ठेवून निघालो, हे मधुवंतीला एस.टी.त बसल्यावर कळलं.

मलम तिनं पुन्हा केलं नाही. गावोगाव मजुरांना फवारणीआधी काय करू नये, ते सांगत फिरते. नवं काही बाजारात आलं की त्यात कातडी मऊ करणारं काय आहे ते आधी वाचते.

दोन वर्षांनी ती त्या गावात गेली होती. हंसाबाईच्या ओट्यावर तिची मुलगी अर्पिता बसली होती, आणि शेजारची बेबीताई तिच्या केसांना तेल लावत होती. हंसाबाई दारात उभी होती, हात पदरात गुंडाळून.

"रोज मीच लावून देतो," बेबीताई म्हणाली. "हे पोरीले हातच लावत नाई."

हंसाबाईनं मधुवंतीला बसायला पाट दिला. चहा केला. कपबशी मात्र हातात दिली नाही, समोर जमिनीवर ठेवली.