बाईंची खुर्ची

दिग्रसला शिक्षकांचं प्रशिक्षण चालू होतं. बाहेर चहावाल्याने कपाशीच्या वाळक्या काड्या, पराट्या, पेटवल्या आणि धूर खिडकीतून आत आला. तेवढ्यात साहेबांनी विचारलं, "तुमचं अध्यापनाचं तत्त्वज्ञान काय?" एकेक जण उठून बोलू लागला. मी त्या धुरातच होते.

आमच्या तांड्यावरच्या शाळेत खिचडी पराट्यांवरच शिजायची. चौथीला बाई रोज सकाळी स्वतः खाली बसायच्या आणि एका पोराला आपल्या खुर्चीवर बसवायच्या. त्याने घरचं काहीतरी शिकवायचं. कुणी शेळीची धार कशी काढायची ते शिकवलं, कुणी दाव्याची गाठ. याडी, म्हणजे माझी आई, गेल्यानंतर मी पहिल्यांदा शाळेत आले, त्या दिवशी नंबर माझा होता.

मी खुर्चीवर बसले. पाय जमिनीला टेकत नव्हते, एवढं आठवतं. बाई माझ्या जागेवर मांडी घालून बसल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, "बाई, ते तं काहीच सांगून नाही राह्यली."

"सांगून राह्यली ना," बाई म्हणाल्या. "आयका."

मग खिचडीची घंटा होईपर्यंत सगळा वर्ग तसाच बसला. धुराने डोळे चुरचुरत होते, पण मला रडू आलं नाही. तेव्हा वाटलं, बाई मला उठवायचं विसरल्या. आता मीही रोज वर्गावर उभी राहते. एवढा वेळ कुणी विसरत नाही, हे मला माहीत आहे.

"मॅडम, तुमचं?"

मी उठून उभी राहिले. खिडकीतून येणाऱ्या धुराकडे पाहत राहिले. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं.

"बसा," ते म्हणाले. "नेक्स्ट."