गिटारीला परवाना लागत नाही

रविवारी सकाळी दौलतअण्णांच्या घरी गेलं की पाहुण्याला बसायला जागा मिळत नसे. सोप्यात एकच सतरंजी, आणि तिच्यावर दोघीजणी आधीच आडव्या झालेल्या असायच्या. डावीकडे सुटी केलेली एकनळी बंदूक, उजवीकडे तारा उतरवलेली गिटार, आणि मधे मांडी घालून अण्णा. दोघींची फडकी वेगळी, तेलाच्या बाटल्या वेगळ्या. बंदुकीचं फडकं चुकून गिटारीला लागलं तर त्यांच्या बायकोची, पारूआक्काचीही धडगत नसे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा दारातच थबकले. अण्णा मान वर न करता म्हणाले, "उंबऱ्यावर बस बाय. आज त्येंचा वार हाय."

मी बेळगुंदीची, शेतकऱ्याघरची पोर. टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागले आणि पहिलीच बदली निपाणीकडच्या एका आडगावी झाली. गावाचं नाव सांगत नाही. या हकिकतीतली काही माणसं अजून आहेत, आणि मला कुणाशी भांडायचं असेल तर मी तोंडावर भांडते, कागदावर नाही. एक्स्चेंज म्हणजे एक खोली, एक बोर्ड, त्यात खुपसायच्या दोऱ्या, आणि मी. अण्णा तिथले लाईनमन. माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे, काळेसावळे, ताठ. खांबावर चढले की ते पक्कडीनं तारेवर एक टिचकी मारत आणि कान देऊन ऐकत. "ढिली हाय," म्हणाले की ढिलीच निघायची. मी एकदा चेष्टेनं विचारलं, "अण्णा, हीच तार गिटारीला का लावत नाही? फुकटात काम होईल." ते म्हणाले, "सरकारी तार हाय ती. तिला सरकारीच सूर लागायचा." तारा ते बेळगावहून, स्वतः जाऊनच आणत.

त्यांचे वडील तंबाखूच्या वखारीत पोती वाहायचे. अण्णा सतराव्या वर्षी पलटणीत गेले, बँडपथकात. बेळगावच्या कॅम्पात एक म्हातारा गोवेकर मास्तर होता, त्यानं फावल्या वेळात यांच्या हातात गिटार दिली. गाण्याचा गळा अण्णांना अजिबात नव्हता, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. मास्तरानं शिकवलेल्या सात-आठ नाचाच्या चाली, तेवढाच त्यांचा संसार. पण त्या ते अशा वाजवत की पारूआक्का भाकरी थापता थापता ठेका धरायची, आणि मी बघितलं की लगेच तोंड फिरवून म्हणायची, "बंद करा ते टिंगटिंग, तवा तापलाय."

बंदुकीची गोष्ट मात्र साधी नव्हती. नदीकाठी अण्णांचा थोडा मळा होता, भुईमुगात रानडुकरं शिरायची. माजी सैनिक म्हणून त्यांनी पीकराखणीचा परवाना मागितला आणि तीन वर्षं खेटे घालून मिळवला. गावात तोवर तीन बंदुका होत्या, तिन्ही मोठ्या घरांतल्या, आज्यापणज्यापासूनच्या. चौथी बौद्धवस्तीत आली आणि गावाच्या पोटात दुखायला लागलं. तोंडावर कुणी बोललं नाही, पण पारावर कुजबुज झालीच. कुणी म्हणालं आता हे लोक आपल्यावर रोखतील, कुणी म्हणालं कलियुग. खरं सांगायचं तर अण्णांनी त्या बंदुकीनं एक डुक्करसुद्धा मारलं नाही. "आवाजानंच पळत्यात बिचारी," म्हणायचे. नेम धरायचा तो पणत्यांवर. दिवाळी झाली की ते घरोघरच्या वापरलेल्या पणत्या टोपलीत गोळा करून आणत. माळावर मी त्या उंच फेकायची आणि ते उडवायचे. काडतुसं मोजकी मिळत, म्हणून रविवारी दोनच बार. बाकी वेळ रिकामीच बंदूक खांद्याला लावून नेम धरत उभे.

एकदा मीच हट्ट धरला. अण्णांनी बंदूक हातात दिली आणि म्हणाले, "खांद्याला घट्ट धर. भिऊन लांब धरलीस की मारती." मी भ्यायले, लांब धरली, आणि आठवडाभर खांदा काळानिळा. बोर्डावर दोरी खुपसताना डोळ्यांत पाणी यायचं. अण्णा गालात हसून म्हणाले, "बघ. मी काय सांगितलंतं?"

दसऱ्याला एक गंमत व्हायची. खंडेनवमीला गावात सगळे आपापली हत्यारं पूजतात: कुणी नांगर, कुणी वस्तरा, आणि ती तिन्ही घरं आपल्या बंदुका. मी बोर्डाला हळदकुंकू वाहून झेंडू खोवायची. अण्णा बंदुकीला काही लावू देत नसत. त्यांनी तो धर्मच सोडला होता, पण कारण ते दुसरंच सांगत. "लोखंडाला तेल लागतं बाय, कुकू न्हाई. कुकवानं गंज चढतो."

मग एका पावसाळ्यात सीमाभागातलं वातावरण तापलं. मोर्चे निघाले, बस बंद झाल्या, आणि ठाण्यानं हुकूम काढला की परवान्याच्या सगळ्या बंदुका जमा करा. चौघांनीही केल्या. गणपतीपर्यंत सगळं निवळलं आणि तीन बंदुका घरोघर परत गेल्या. अण्णांची तेवढी राहिली.

अण्णा विचारायला गेले. फौजदार म्हणाला, "नाळे बा." म्हणजे उद्या ये. अण्णा दुसऱ्या दिवशी गेले. परत नाळे बा. असं दसऱ्यापर्यंत चाललं. शेवटी अण्णा म्हणाले, "साहेब, तुमचा उद्या लई लांबचा हाय." फौजदार भडकला. "तुला कशाला रे बंदूक? डुकरंच हाकलायची न्हवं? डबा वाजव."

हे अण्णांनी मला एक्स्चेंजच्या पायरीवर बसून सांगितलं. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. ते म्हणाले, "डबा माझ्या आज्यानं वाजिवला. बानं वाजिवला. मी न्हाई वाजिवणार. परवान्यावर माझं नाव हाय, ती माझी हाय, आणि ती मी घिऊनच येणार." माझ्या अंगाची आग झाली. मी म्हटलं, "अण्णा, वर अर्ज करू." आम्ही चार अर्ज केले. एकाचंही उत्तर आलं नाही.

दिवाळी झाल्यावर पहिल्या शनिवारी, बाजाराच्या दिवशी, अण्णा चारला ड्यूटी संपवून गिटार घेऊन निघाले. ठाण्यासमोर रस्त्याच्या पलीकडे लिंबाखाली दगडी कट्टा आहे. तिथं बसले आणि वाजवायला लागले. बाजारातून परतणाऱ्या बायका टोपल्या उतरवून उभ्या राहिल्या. गर्दी झाली. फौजदार बाहेर आला, "काय तमाशा चाललाय?"

अण्णा वाजवतच म्हणाले, "तमाशा न्हवं, गिटार. परवान्याची वस्तू तुम्ही ठिवलीसा. हिला परवाना लागत न्हाई, म्हणून ही माझ्यापाशी ऱ्हायली."

गर्दीत हशा पिकला. फौजदारानं कायद्याची कलमं बरीच आठवून पाहिली असणार, पण रस्त्याच्या कडेला बसून नाचाची चाल वाजवणाऱ्या माणसाला लावायचं कुठलं, ते त्याला सापडलं नाही. सहा वाजता अण्णा उठले, धोतराच्या सोग्यानं गिटार पुसली आणि घरी गेले. पुढच्या शनिवारी परत. त्याच्या पुढच्या शनिवारी परत. पारूआक्का मला म्हणाली, "तू तरी सांग गं त्येंला. उद्या आत घालतील." मी सांगितलं. अण्णा म्हणाले, "आत घातलं तर आतनं वाजवीन."

अकरा शनिवार झाले. लोकांना सवय झाली, गर्दी पांगली, आणि मला वाटायला लागलं की आता हे असंच विरून जाणार. कट्ट्यावर एकटे अण्णा आणि समोर मान फिरवून बसलेलं ठाणं. त्यांच्या बोटांची कातडी सोलून निघाली होती.

बाराव्या शनिवारी पाचच्या सुमाराला बेळगावहून ठाण्याला ट्रंक कॉल आला. बोलणारे पोलिसांचे मोठे साहेब होते. लाईन खराब होती, म्हणून मी हेडफोन कानाला लावून ऐकत होते. तसं ते आमचं कामच, फक्त ऐकलेलं ऐकलं नाही असं वागायचं आणि मधे अवाक्षर काढायचं नाही, हा आमच्या नोकरीचा पहिला नियम. दोघं कानडीत बोलत होते. मधेच साहेबांनी विचारलं, "हे मागं वाजतंय काय?"

ठाण्याची खिडकी रस्त्यावरच होती. फौजदार म्हणाला, "रेडिओ, सर."

रेडिओ! अगं बाई, माझ्या टाळूला झिणझिण्या आल्या. बारा आठवडे माणूस उघड्यावर बसतोय आणि याच्या लेखी तो रेडिओ! काय करतेय हे कळायच्या आत मी बटण दाबलं आणि तोडक्यामोडक्या कानडीत बोलून गेले, "रेडिओ नाही साहेब. आमच्या लाईनमनची गिटार आहे. परवाना असून त्यांची बंदूक परत देत नाहीत, बाकी तिघांची दिली, म्हणून दर शनिवारी समोर बसतात."

मला वाटलं, गेली नोकरी. मग साहेब म्हणाले, "ऑपरेटर, तुमचं नाव?" मी सांगितलं, गावासकट. साहेबांनी फौजदाराला विचारलं, "परवाना चालू आहे?" तो म्हणाला, "चालू आहे, सर." "मग?"

सोमवारी बंदूक मिळाली. मीही गेले होते. हवालदारानं ती आतून आणली आणि बघते तर काय, दस्त्यापासून टोकापर्यंत हळदकुंकवाची पुटं, आणि नळीच्या तोंडात खोवलेला झेंडू, वाळून काळा पडलेला. अण्णांनी झेंडू काढला, बंदूक मधे उघडून नळी उजेडाला धरली. आत गंजाचे पापुद्रे.

हवालदार म्हातारा माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तो ओशाळून म्हणाला, "खंडेनवमीला ठाण्यातल्या सगळ्या हत्यारांची पूजा केली बघ. बाकीच्यांच्या गेलत्या. तुझी येकटीच कोपऱ्यात. वर्साचा सण, तिला तशीच कशी ठिवायची? नारळाचं पाणी शिपाडलं, फूल लावलं." मायेनं केलं होतं बिचाऱ्यानं. अण्णांनी बंदूक मिटली. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमचा राग न्हाई मामा. पर देव केला की कोपऱ्यात ठिवायला सोपं जातं. हिला चालवायला द्यायला पायजे हुती."

तीन आठवडे अण्णा ती नळी घासत होते, रॉकेल, तेल, सुतळीला बांधलेलं फडकं. गंज गेला, खड्डे राहिले. पहिला बार त्यांनी, नळी फुटली तर म्हणून, बंदूक बाभळीला बांधून, घोड्याला लांब दोरी लावून, बांधाआड पडून काढला. नळी टिकली. दुसरा बार खांद्याला लावून. मी पणती फेकली, ती फुटली, आणि अण्णा बंदूक छातीशी धरून माळावर मट्कन बसले. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

माझ्यावर मेमो आलाच. फौजदारानं लेखी तक्रार केली होती. माफी मागून मोकळी हो, असं सगळे म्हणाले. अण्णा म्हणाले, "चूक झाली आसं लिवू नगंस. झालं ते लिव." मी तसंच लिहिलं. सर्व्हिस बुकात लाल शेरा बसला. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. उलट माझ्या निवृत्तीच्या दिवशी आमच्या खात्याच्या साहेबांनी तो वाचून दाखवला तेव्हा मीच टाळी वाजवली.

त्यानंतर पाच-सहा वर्षांनी, अण्णा निवृत्त झाल्यावर, त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला. ऑपरेशन एका डोळ्याचं फसलं. माझी तेव्हा बेळगावला बदली झाली होती. त्यांचा निरोप आला, "येऊन जा. लिवायला माणूस पायजे." मी गेले. अण्णा पांढराधोट सदरा घालून, बंदूक तेल लावून, तयार बसले होते. म्हणाले, "चल. ठाण्यात द्यायची."

मला धक्काच बसला. "अण्णा, एवढं करून मिळवली ती? राहू दे की घरात."

"नेम दिसत न्हाई आता. दिसत न्हाई त्येनं बंदूक बाळगू नये."

ठाण्यात नवा फौजदार होता, तरणा, चांगला. तो म्हणाला, "कशाला अण्णा? ठेवा तुमच्याकडे, तुम्हाला कोण विचारतंय?" अण्णांनी बंदूक दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली आणि माझ्याकडून कागद लिहून घेतला. फौजदारानं त्यावर सही करून नेहमीचा शेरा मारला: बंदूक जमा करून घेतली. अण्णांनी मला तो वाचायला लावला आणि ऐकून मान हलवली.

"जमा करून घेतली न्हाई साहेब. एकदा घेतलीती, तवा आम्ही भांडलो. आज मालकानं आपल्या हातानं दिली. तसं लिव्हा."

फौजदारानं त्यांच्याकडे पाहिलं, शेरा खोडला, आणि अण्णांनी सांगितलं तसं, शब्दाला शब्द, लिहिलं. मग उठून उभा राहिला आणि दोन्ही हातांनी कागद दिला. अण्णांनी माझ्याकडून परत वाचून घेतला. 'मालक' या शब्दाशी माझा आवाज फुटला. अण्णा म्हणाले, "रडतीस काय? नीट वाच."