सयाजीभाऊंचा दहावा आणि साडेदहाची परीक्षा

सयाजीभाऊ वारले, तेव्हा एक गोष्ट गावात कुणाच्या ध्यानात आली नाही. दहाव्याला स्पीकर लावणार कोण?

घोडेगावच्या वरच्या अंगाला, घोड नदीकाठच्या त्या गावात तीस वर्षं प्रत्येक लग्नाचा, जत्रेचा आणि दहाव्याचा स्पीकर त्यांचाच असायचा. बेल्ह्याच्या बैलबाजारात "टेम्पो आडवा लावू नका, राव" असं दिवसभर बजावणारा आवाजही त्यांचाच. मुलगा एकच, गोरख. जुन्नरच्या कॉलेजातून फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाला, काही वर्षं बापाच्या जोडीनं वायरी ओढल्या आणि २००७ साली ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यापीठाचा म्युझिक टेक्नॉलॉजीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम इंटरनेटवरून शिकायला लागला. घोडेगावला एस. टी. स्टँडसमोर रुपेशचा सायबर कॅफे होता. धडे तिथं उतरवून घ्यायचे, पेन ड्राइव्हवर घालून घरी आणायचे आणि वीज असेल तेव्हा ऐकायचे.

"म्हंजी नेमकं काय शिकवत्यात?" सयाजीभाऊंनी विचारलं होतं.

"आवाज धरायचा कसा, साफ कसा करायचा."

"आन मी तीस वर्षं काय करतोय मग?"

"तुम्ही वाढवता."

सयाजीभाऊ हसून हसून खोकले. "लई मोठ्या साळंत गेला राव ह्यो. मास्तरणीनं तोंड दावलं का अजून?"

"दावलं. कॅमेऱ्यात."

"जेवलीस का म्हणून इचारलं का तिला?"

दोन वर्षांनी, मे महिन्यात सयाजीभाऊ दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. गोरख रडला नाही. लोक वाट बघत होते. मावशीनं गळ्यात पडून टाहो फोडला, तेव्हा त्याच्या मनात आलं ते एवढंच, की हिचा आवाज वरच्या पट्टीत फाटतोय.

त्याची शेवटची तोंडी परीक्षा नेमकी दहाव्याच्या दिवशी होती. आपले सकाळचे साडेदहा. ती चुकली की वर्ष गेलं. बाईंना कळवलं असतं तर तारीख पुढं मिळाली असती. तो रुपेशकडं जाऊन ई-मेल लिहायला बसलाही. 'माझे वडील' एवढं इंग्रजीत टाइप झालं आणि पुढं बोटं हलेनात. पाच मिनिटांनी त्यानं ते पुसलं आणि घरी आला. दहावा आठला असतो, नऊला उरकतो, गाडीवर घोडेगाव अर्धा तास. जमेल.

दहाव्याच्या पहाटे स्पीकर त्यानंच लावला. दुसरं होतं कोण? सांत्वन करायला आलेली माणसंच सांगत होती, "गोरख, कर्णा जरा उंच बांध, पलीकडं ऐकू आलं पायजे." त्यानं तो घाटावरच्या करंजाच्या झाडाला बांधला, माईक तपासला आणि न्हाव्यापुढं जाऊन बसला. डोकं तासून झालं, नदीत बुडी मारून झाली. ओल्या पंच्यावर तो पिंडापुढं बसला.

महाराजांचं प्रवचन झालं. मग श्रद्धांजल्या. सयाजीभाऊंच्याच माईकवर तिघं जण सयाजीभाऊंबद्दल बोलले. पिंड ठेवला तेव्हा सव्वानऊ झाले होते. माणसं मागं सरकून गप्प उभी राहिली.

कावळे होते. लांबच्या बाभळीवर सात-आठ होते. एखादा उडायचा, करंजापर्यंत यायचा आणि वळून परत जायचा.

"इच्छा ऱ्हायलीय काहीतरी," कुणीतरी म्हणालं.

साळुबाई, गोरखची आई, पुढं झाली. "मी नीट ऱ्हाईन. माझी काळजी करू नगा. जावा तुमी."

कावळा आला नाही.

"जत्रेचा स्पीकर फुकट देऊ," भावकीतला एक जण म्हणाला.

"ते जित्तेपणी देतच व्हते की," दुसऱ्यानं सांगितलं. मागं कुणीतरी फिसकन हसलं.

पावणेदहा झाले. मग गेणूतात्या, सयाजीभाऊंचे थोरले भाऊ, पुढं आले. त्यांनी गोरखच्या खांद्यावर हात ठेवला.

"आरं, उघड हाय. त्येचा जीव त्या कर्ण्यात अडकलाय. शब्द दे. म्हण, धंदा सोडणार न्हाई. ती कॉम्प्युटरची साळा आजपासून बंद."

गोरख झाडावरच्या कर्ण्याकडं बघत होता.

"म्हण की! माणसं उन्हात उभी हायती. बापाला असाच लटकत ठेवणार का?"

सगळ्यांच्या नजरा त्याच्या तासलेल्या डोक्यावर. त्याला काहीच वाटत नव्हतं. लाज नाही, राग नाही. फक्त ऐकू येत होतं. कर्ण्यातून बारीक, सुईसारखी शिट्टी येत होती, एकसारखी. माणसांना ती जाणवत नव्हती, कारण सकाळपासून ती चालूच होती. पण कर्णा करंजात होता आणि करंजावर टेकल्याशिवाय कावळा खाली उतरणार कसा?

आजवरच्या प्रत्येक दहाव्याला पिंड ठेवला की सयाजीभाऊ हळूच स्पीकरच्या मशीनकडं जाऊन खटका बंद करायचे. कुणाला पत्ता नसायचा. कावळे सयाजीला मानतात, असं गाव म्हणायचं. आज मशीनपाशी कुणीच नव्हतं.

गोरख उठला.

"आरं, बसायचं! उठायचं नसतं!" महाराज ओरडले.

तो ओल्या पायांनी मशीनकडं गेला. खटका दाबला. परत येऊन बसला. नदीचा आवाज आला, म्हणजे तो आधीपासून होताच. दोन मिनिटं गेली असतील. एक कावळा करंजावर टेकला, मान वाकडी करून बघितलं, खाली उतरला आणि पिंडाला शिवला.

"शिवला! शिवला!"

गेणूतात्यांनी आभाळाकडं हात जोडले. डोळ्यांत पाणी. "मनातल्या मनात शब्द दिला पोरानं. मोठ्यानं म्हणाया लाजला." माणसांनी माना डोलावल्या. गोरखनं तोंड उघडलं नाही. नाही म्हणायचं तर तीच वेळ होती, आणि ती गेली.

तो रुपेशच्या कॅफेत पोचला तेव्हा दहा पन्नास झाले होते.

"लवकर, लवकर! बाई थांबल्यात," रुपेशनं हेडफोन पुढं केला. "मी काय बोलू त्यांच्याशी? नुसतं येस-येस म्हणून बसवलंय."

पडद्यावर बाईंनी त्याच्याकडं बघितलं. नवीन केशरचना का, असं हसून विचारलं. वडील गेले, त्यानं सांगितलं. दहा दिवसांत पहिल्यांदा तो ते वाक्य म्हणाला, तेही इंग्रजीत. बाईंचं हसू गेलं. परीक्षा पुढं ढकलू, त्या म्हणाल्या.

"नको. विचारा."

जुन्या ध्वनिमुद्रणातली खरखर कशी काढायची, कुठं थांबायचं, किती काढली की मूळ आवाज मरतो. पन्नास मिनिटं तो सपाट आवाजात सांगत गेला. एकही उत्तर चुकलं नाही.

तिसऱ्या दिवशी गेणूतात्या घरी आले. "बेल्ह्याच्या बाजाराचा निरोप हाय. सोमवारी कर्णा पायजे. आता शब्द दिलायस तू."

"मी शब्द दिला नव्हता, तात्या," गोरख म्हणाला. "कर्णा शिट्टी मारत होता. मी बंद केला. म्हणून कावळा उतरला."

तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मंग तवाच का न्हाई बोलला?"

"साडेदहाला परीक्षा होती."

"दिली?"

"दिली."

तात्या उठले. चप्पल घातली. दारात थांबून साळुबाईला म्हणाले, "साळुबाई, ऐकलं का? भाऊ माझा गेलाय का न्हाई, ह्येच कळंना झालंय मला."

"गेल्यात ते," साळुबाई म्हणाली. "कावळा शिवलाय. बसा, च्या ठेवलाय."

तात्या बसले नाहीत. चहा तिघांपुरता केला होता. साळुबाईनं दोन कपांत ओतला. गोरखनं आपला घेतला आणि गार झाल्यावर प्यायला. सोमवारी तो बेल्ह्याला गेला नाही.