पोडीच्या गालातला घास

सीलवती पोलोन्नरुवाच्या जंगलात माकडिणींची विष्ठा वेचते. जिची तिच्या नावाच्या नळीत भरायची आणि माकडांचा अभ्यास करणाऱ्या हिरुणी मिसच्या हाती द्यायची. त्यातून म्हणे अंगातली संप्रेरकं कळतात, कोण भेदरलेली, कोण वयात आलेली.

"पोडी अजून नाहीच," एके दिवशी एका माकडिणीची नळी घेत मिस म्हणाल्या. "हिच्या बरोबरीच्यांना पिल्लंसुद्धा झाली."

सीलवतीची लेक दिल्हानीही अशीच, वयानं पंधराची, अंगानं अकराची. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, वाट बघा. पण घरात नणंद होती.

"पहिल्या पाळीला न्हाऊ घालणारी धोबीण म्हातारी होऊन मरेल," यसवती म्हणायची, "आपल्या पोरीची वेळ काही येत नाही."

सीलवती काय करणार? रोज बुद्धापुढे दिवा लावून लेकीची वेळ येऊ दे म्हणायची आणि माशाचा मोठा तुकडा दिल्हानीच्या ताटात वाढायची.

पोयाच्या पुनवेला विहारात दान देऊन किरिबात उरला. नारळाच्या दुधात शिजवून वड्या पाडलेला तो भात, टाकायचा कसा? माकडांना काही द्यायचं नाही हा मिसचा नियम तिला ठाऊक होता. तरी जंगलात एक वडी तिनं पोडीपुढे ठेवली. पोडीनं ती गालात कोंबली. तेवढ्यात कळपातली थोरली लोकू शांतपणे आली, पोडीचा ओठ धरला, गालात बोटं घातली आणि घास काढून खाल्ला. पोडी तोंड उघडं ठेवून नुसती उभी. मग बाकीच्यांनी तिला फांदीच्या टोकापर्यंत पिटाळलं.

"सीलवती अक्का, तुम्ही?" मागून मिस म्हणाल्या.

"दया आली, मिस. चुकलं."

"दयेचं सोडा. सगळ्यांदेखत दिलेलं तिच्या पोटात जातच नाही. वर ही सततची धास्ती. धास्तावलेल्या अंगात वाढीची संप्रेरकं मागे राहतात."

"मग एकटीला निवांत खायला मिळालं तर वाढेल?"

"वाढेलही. पण मी माकडिणीचं सांगतेय हं, अक्का."

संध्याकाळी सीलवतीनं दिल्हानीला मासा वाढला.

"घाल, घाल," यसवती म्हणाली. "तळ्यातले मासे संपतील, पोर आहे तेवढीच राहील."

दिल्हानीचा हात थांबला. घास तोंडाशी, तोंड उघडं. सीलवतीला फांदीवरची पोडी दिसली. हा मोठा तुकडा रोज आपणच सगळ्यांदेखत वाढत आलो.

तिनं दोन्ही ताटं उचलली. "अक्का, आजपासून आम्ही मायलेकी मागच्या पायरीवर जेवणार."

"का? माझी नजर लागते?"

"तसं नाही हो. तिला निवांत जेवू दे."

मागे फणसाखाली अजून उजेड होता. दिल्हानी बराच वेळ भात चिवडत बसली.

"अम्मा, ते कधीच आलं नाही तर?"

"यायचं तेव्हा येईल. तू जेव."

सीलवती तिच्याकडे न बघता आपलं जेवत राहिली. थोड्या वेळानं ताट शेजारून हळूच पुढे सरकलं.

"आणखी भात आहे?"

असं तिनं कधी विचारलं नव्हतं. सीलवती भात आणायला आत गेली. दिव्यापाशी सवयीनं हात जुळले, पण मागायचं काही सुचेना. ती तशीच भांडं घेऊन बाहेर आली.