डावीकडचे डब्बे

प्रूफ वाचताना मॅडमचं बोट उजवीकडून डावीकडे सरकायचं. तुम्हालाही ते उफराटंच वाटलं असतं. पण त्यांची ती संगणकाची भाषा वाचतातच तशी.

नेपियर टाउन मोहल्ल्यात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, कोचिंगच्या प्रश्नपत्रिका, एवढीच आमची झेप. संरक्षण कारखान्याच्या संगणक विभागातून निवृत्त झालेल्या मॅडम एक दिवस स्वतःचं पुस्तक घेऊन आल्या. त्यात अक्षरं कमी आणि बाण, त्रिकोण, घोड्याच्या नालेसारख्या खुणाच जास्त. म्हणे, एका चिन्हात आकड्यांची अख्खी रांग उलटी होते! त्यांची जुनी फाइल माझ्याकडे उघडली की चिन्हांच्या जागी नुसते रिकामे डब्बे दिसत. ती ज्यावर लिहिली तो संगणक केव्हाच भंगारात गेला होता. कोणत्या डब्ब्यात काय होतं, ते एकट्या मॅडमना ठाऊक.

"काहून भैया, आज किती डब्बे?" असं विचारतच त्या दुकानात शिरायच्या. मग बोट सरकायचं, त्या सांगायच्या, मी भरायचो. एकदा मी त्रिकोण उलटा बसवला.

"अहो, पायावरचा वेगळा, डोक्यावरचा वेगळा! काय करून राहिले तुम्ही?"

"मॅडम, हे वाचणार कोण?"

"तुम्ही वाचून राहिले न? चलो, पुढचा डब्बा."

शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं आणि मॅडमच्या मेंदूला झटका आला. बोलणं शाबूत राहिलं, पण डावी बाजू त्यांना दिसेनाशी झाली. ताटातली डावीकडची चटणीसुद्धा तशीच राहते, असं त्यांची बहीण सांगत होती.

मी कागद घेऊन शेजारच्या राइट टाउनला त्यांच्या घरी गेलो. बोट उजवीकडून निघालं. त्यांनी धडाधड चिन्हं सांगितली आणि ओळीच्या मध्यावर बोट उचललं.

"झाली ओळ."

"मॅडम, इकडे अजून आहेत."

"कुठे? कोरं आहे तिथं."

कागद सरकवून पाहिला. दुसऱ्या दिवशी डावी अर्धी ओळच वेगळी छापून नेली, तर तिचीही अर्धीच वाचली. आणखी बारीक तुकडे केले, तर कोणता तुकडा कुठल्या ओळीचा तेच त्यांना लागेना. उलटा धरावा, तर सगळे त्रिकोण डोक्यावर. मला रडूच यायला लागलं.

"आज एकही डब्बा नाही," मॅडम म्हणाल्या. "छापून टाका, भैया." इतक्या खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी "हो" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

त्यानंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत. पुस्तक अजून माझ्या संगणकातच आहे, न छापलेलं; डावीकडचे डब्बे रिकामेच. कधीतरी शेवटचं प्रकरण उघडतो, ओळीवर उजवीकडून बोट सरकवतो. मध्यापर्यंत आलं की माझंही बोट उचललं जातं.