हातावरचा दगड

दगड उचलायचा, तळहातावर दोनदा अलगद उडवायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "जीव आहे गा." आमचे काकाजी असे. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, एकाच खोडीवर ओळखू येणारी.

काकाजी मूळचे उमरेडचे विणकर. सुताची लडी हातावर घेतली की तिचा नंबर, म्हणजे सूत किती बारीक ते, नुसत्या वजनावरून सांगत. रामटेकच्या पुढे मँगनीज निघालं, खाणीभोवती वस्ती उभी राहिली, तेव्हा माग विकून ते तिथे आले आणि मुकादम झाले. सुताचा हात दगडावरही चालला. जड काळा दगड म्हणजे चांगला माल, हलका म्हणजे नुसती माती. त्यांचा शब्द ठेकेदारही मोडत नसे. पुढे ते बाजारात वांगीसुद्धा उडवून बघू लागले. "जीव नाही," म्हणून परत ठेवत. त्यांना येताना पाहिलं की भाजीवाल्या टोपली झाकत.

मी तिथल्या एका खोलीच्या शाळेत मास्तर होतो. चांगल्या दिवसांत वस्तीत दोन हॉटेलं, कापडाचं दुकान, तंबूतला सिनेमा, आणि नागपूरहून दिवसाला दोन मोटारी. माझ्या वर्गात पोरांना बसायला जागा नव्हती. मग परदेशातली मागणी घटली म्हणे. तंबू गेला, एक मोटार बंद झाली. हजेरीपटावरची नावं खोडून खोडून मी कंटाळलो.

शांताबाई चहाचं दुकान चालवायची. एकटी बाई, नवरा वारलेला. खापरखेड्याला वीजघराचं काम सुरू होतं, तिथे भावाने तिच्यासाठी जागा पाहून ठेवली होती. जायचं, की इथेच दुकानाला पक्क्या विटांच्या भिंती घालायच्या, हे तिला ठरवायचं होतं.

"काकाजी, जाऊ का राहू?"

काकाजींनी खाणीतून आलेला ताजा दगड उडवला. त्या दिवशी डोळे जरा जास्तच वेळ मिटलेले होते.

"आहे वं जीव. राह्य."

ती राहिली. भिंती उभ्या राहिल्या आणि पावसाळ्याआधी खाण बंद झाली.

त्या संध्याकाळी काकाजी शाळेच्या पायरीवर येऊन बसले. "दगड हलका होता गा मास्तर."

"मग तसं का सांगितलंत?"

"ते गेली असती तर सारेच गेले असते. माग विकून आलो मी. मले जायले गाव कुठं आहे? हातानं खरं सांगितलं, तोंड खोटं बोललं."

मला राग आला. "तुम्ही तिला बुडवलंत," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी त्या भिंती उतरवायला घेतल्या. एकेक वीट सोडवायची, विळ्याने माती खरवडायची, रचायची. शांताबाई त्यांच्याशी बोलत नव्हती. नागपूरजवळच्या वाडीकडे रिकामा परतणारा एक ट्रक त्यांनी थांबवला, ड्रायव्हरच्या हातापाया पडून त्याला खापरखेड्यावरून जायला राजी केलं आणि विटा स्वतः चढवल्या. निघताना शांताबाईने दुकानाच्या उरलेल्या ओट्यावर एक कप चहा ठेवला आणि ट्रकमध्ये चढली. काकाजी तो निवलेला चहा बराच वेळ पीत होते.

त्यानंतर त्यांनी हातावर उडवून बघणं सोडलं. वांगी तशीच घ्यायचे, किडकी निघाली तरी.

शेवटी माझी शाळाही बंद झाली. माझी बदली नागपूरला झाली, आणि या वयात पुन्हा नव्याने सुरुवात करायची ताकद मला माझ्यात दिसत नव्हती. मोटारीपर्यंत ट्रंक त्यांनीच आणली. निरोपाला मी हात पुढे केला. त्यांनी तो खालून आपल्या तळहातावर घेतला आणि डोळे मिटले. माझा हात दोनदा अलगद वर उडाला.

"जीव आहे गा मास्तर. जाय."

मोटार सुटली. हे त्यांच्या हाताने सांगितलं की तोंडाने, ते विचारायचं राहून गेलं.